सावित्रीकाठचा गंधव्यवहार

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपुराच्या अंगाने कोकणात उतरते, महाडापाशी गांधारीला सामावून घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. या नदीने डोंगरातून जी वाट काढून दिली, तीच पुढे व्यापाराने धरली. भरतीच्या पाण्याबरोबर मचवे महाडच्या बंदरापर्यंत चढून येत. तेथे उतरलेले मीठ, नारळ, सुकी मासळी आणि दर्यापारचा किराणा बैलांच्या पाठीवर लादून पोलादपुरास आणीत, आणि तेथून पारघाटाने जावळीच्या रानातून वाईच्या पेठेकडे नेत. पुढे इंग्रजी अमदानीत आंबेनळीचा रस्ता फिट्झगेराल्डसाहेबाच्या नावाने बांधला गेला, बैलांचे तांडे ओसरले, तरी घाटाच्या पायथ्याचे नाके हा पोलादपूरचा जुना अधिकार कायम राहिला. या वाटेचा इतिहास सामान्यतः मीठ आणि भात यांच्या हिशेबाने लिहिला जातो. त्याच किराण्यातील सुगंधी जिनसांचा माग काढू गेल्यास मात्र एक निराळीच गोष्ट ध्यानी येते: सुगंधाचे द्रव्य या खोऱ्याला कधीच परके नव्हते, परंतु त्याची किंमत या खोऱ्यात कधी ठरली नाही, ती नेहमी ज्याच्या हातून तो सुगंध दिला गेला त्याच्या इभ्रतीने ठरविली.

आजच्या मोठ्या शहरांतील दुकानांत पुरुषांसाठी म्हणून जे उंची सुगंध काचेच्या कपाटांत मांडलेले असतात, त्यांत काष्ठगंधी आणि मसालेदार अशा जोडनावाचा एक मानाचा वर्ग आहे. त्याची घडण पाहिली तर वरच्या थरात मिरी, वेलची, दालचिनी, जायफळ, क्वचित लवंग. आणि तळाशी वाळा, नागरमोथा, चंदन, देवदार व ऊद. ही यादी पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वृद्ध गृहिणीस वाचून दाखविली, तर तिला त्यात परदेशी असे फारसे काही आढळणार नाही. नागरमोथा हे तिच्या भातखाचराच्या बांधावरचे चिवट तण आहे. परदेशी गंधकार त्याच्याच तेलाला सिप्रिओल म्हणतात आणि धुरकट, कोरड्या लाकडाचा भास उत्पन्न करण्यासाठी त्याची योजना करतात. वाळ्याची जुडी उन्हाळ्यात तिच्या माठात असते. दिवाळीच्या पहाटे अंगाला चोळावयाच्या उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला व जटामांसी हे जिन्नस एकत्र कुटलेले असतात, आणि त्या उटण्यापासून काष्ठगंधाच्या त्या वर्गापर्यंतचे अंतर वाटते तितके मोठे नाही. किंबहुना गोड्या मसाल्यातले दगडफूल हेच शमामा नावाच्या जुन्या, उष्ण प्रकृतीच्या अत्तरातही पडते.

या वाटेचे प्राचीनत्व महाडच्या वेशीवरच कोरलेले आहे. गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत कानभोअ विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचे दान नोंदलेले आहे, आणि पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथातील पालेपात्मे हे बंदर म्हणजे हेच पाले असावे, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. लेण्यांना दान देणाऱ्यांत राजपुरुषांच्या जोडीला व्यापारी व कारागीर असत. आणि त्या काळच्या समाजात गंधी या व्यावसायिकाचे स्थान काय होते, याचे उत्तर घाटमाथ्यावरील कार्ल्याच्या चैत्यगृहात मिळते. तेथील प्रवेशद्वाराचे दान धेनुकाकटचा सिंहदत्त नामक गंधिक याने केल्याचा शिलालेख आहे. ज्या दारातून भिक्षू व यात्रेकरू आत जात, ते दार उभारण्याइतकी सुबत्ता सुगंधाच्या विक्रीत होती आणि ते आपल्या धंद्याच्या नावाने उभारण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता, एवढे या एका ओळीवरून निश्चित होते.

सुगंधाची पारख हा आपल्याकडे शास्त्राचाही विषय होता. वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अध्याय लिहिला आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलून, १,७४,७२० सुगंध सिद्ध होतात असा हिशेब दिला. सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रत्येकाची ९६ रूपे असा त्याचा गुणाकार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात विलेपन आणि धूप हे राजाच्या वीस उपभोगांत गणले आहेत, आणि विलेपन ऋतूप्रमाणे बदलावे असा दंडक घातला आहे. भावप्रकाशात उत्तम चंदनाची कसोटी सांगितली आहे: चवीला कडू, उगाळले असता पिवळे, तोडले असता तांबूस, वरून पांढरे, आणि गाठीगाठींचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचा संग्रह सांभाळणारे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ च्या सुमारास गंगाधराचा गंधसार आणि त्याच्यासमवेत गंधवाद नावाचा ग्रंथ प्रकाशात आणला. या गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे. सुगंध कसा घडवावा हे सांगण्यासाठी मराठी गद्य काही शतकांपूर्वीच राबत होते, ही गोष्ट संतवाङ्मय व बखरी यांच्या पलीकडे जुन्या मराठीत फारसे काही नाही असे समजणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

१६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि रायरीचा डोंगर हस्तगत केला. १६७४ च्या जूनमध्ये त्याच डोंगरावर, म्हणजे रायगडावर, त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि महाड हे एकाएकी राजधानीच्या पायथ्याचे बंदर बनले. सोहळ्यास हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन हा व्यापारी कंपनीचा मनुष्य होता. आणि त्याच काळात लवंग व जायफळ यांची मिरासदारी डच कंपनीने आपल्या मुठीत ठेवलेली असल्यामुळे, गडावरच्या विड्यातील लवंगसुद्धा मोलुक्का बेटांपासूनच्या लांबलचक जकाती व नफे अंगावर घेऊन वर चढत असली पाहिजे. महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात भोग्यवर्ग हा स्वतंत्र विभाग आहे. राज्यकारभाराची भाषा नव्याने बांधताना किल्ले, शस्त्रे व लेखन यांच्या पंक्तीस उपभोगाच्या वस्तूंनाही बसविले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच राज्याचे संस्कृत काव्य, शिवभारत, लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे.

मराठी दरबारी रीतीत अत्तराचे स्थान बैठकीच्या अखेरीस असे. बोलणे संपत आले म्हणजे तबक येई. त्यात अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि विडे. यजमान किंवा त्याच्या वतीने अधिकार असलेला मनुष्य काडीच्या टोकाचा कापूस अत्तरात बुडवून पाहुण्याच्या उजव्या पंजाच्या पाठीवर एक रेघ ओढी. पाहुणा दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर घासून ती ऊब लागलेली रेघ नाकाशी नेई. मग गुलाबपाण्याचा शिडकावा, हातावर विडा, आणि रुखसत. अत्तर प्रथम कोणास, विडा कोणाच्या हातून, हा मानपानाचा सूक्ष्म हिशेब होता आणि त्यात चूक झाली तर ती अपमानाच्या खाती पडे. १७९६ मध्ये नाना फडणीस महाडास येऊन राहिले आणि पेशवाईची घडी कशी बसवावी याची खलबते या गावात झाली, तेव्हा या लहान पेठेने दरबारी मुत्सद्द्यांचा राबता अगदी जवळून पाहिला. या साऱ्या रिवाजात अत्तर कोणाचे, किती रुपये तोळा, हा प्रश्न दुय्यम होता. ते कोणी लावले यातच त्याचे मोल होते.

परंतु या रिवाजाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. अत्तर हाताने हातावर लावावयाचे असते, म्हणजे त्यात स्पर्श आहे. आणि ज्या समाजाने स्पर्शावरच बंदी घातली होती, त्यात हा सन्मान कोणापर्यंत पोहोचत होता हे उघड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न सार्वजनिक पाण्याचा होता. ज्या गावात पाण्यापासून माणसे दूर ठेवली गेली, तेथे अत्तरगुलाबाच्या सौजन्याचे कौतुक जरा जपूनच केले पाहिजे.

१८१८ मध्ये रायगड पडला, दरबार गेले, पण अत्तर गेले नाही. ते प्रथम सार्वजनिक सभांच्या अखेरच्या पानसुपारीत शिरले, पुढे लग्नातील सीमांतपूजनात टिकले, आणि पुरुषांनी हळूहळू ते सोडून दिल्यावर बायकांनी हळदीकुंकवाच्या समारंभात ते जतन केले. आजही संक्रांतीनंतर महाडच्या एखाद्या आळीत सवाष्णीच्या मनगटावर जी अत्तराची रेघ ओढली जाते व जे गुलाबपाणी शिंपडले जाते, त्यात राजसभेचा तो सारा विधी, क्रमासकट, शाबूत आहे.

हे अत्तर मात्र येथे गाळले जात नसे. ते उत्तरेकडून, विशेषतः कनौजहून येई. तेथील कारागीर तांब्याच्या डेगेत फुले किंवा मसाले व पाणी घालतो, झाकण मातीने लिंपतो, आणि बांबूच्या चोंग्याने ती वाफ पाण्यात बुडविलेल्या भपक्यात, म्हणजे गंध धरणाऱ्या भांड्यात, नेतो. भपक्यात आधीच घातलेले चंदनाचे तेल त्या वाफेतील गंध शोषून घेते. विस्तव किती ठेवावा हे तो भपक्यावर हात ठेवून ओळखतो. दुसऱ्या दिवशी खाली साचलेले पाणी काढून टाकून तेच तेल पुन्हा नव्या वाफेखाली ठेवले जाते. शमाम्यासारखे अनेक औषधींचे अत्तर असे दिवसचे दिवस चालते. जुन्या अत्तराची खरी किंमत या चंदनाच्या बैठकीत होती. चंदन महाग झाल्यावर पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी पॅराफिनसारखे गंधहीन तेल आले, आणि अत्तर स्वस्त झाले तसे उथळही झाले.

आता या कथेस जे वळण लागले ते सावित्रीकाठानेच दिले आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रिवी या कंपनीचे कारखाने आहेत, आणि सुगंधी रसायने हाच त्यांचा व्यवसाय आहे. स्वित्झर्लंडच्या जिवोदाँ या जगद्विख्यात गंधकंपनीने त्यांच्याशी भागीदारी केली आहे. कच्चा माल मोठा विलक्षण आहे. परदेशांतील कागदाच्या गिरण्यांत पाइन वृक्षाचे लाकूड शिजविताना गंधकाची दुर्गंधी असलेले टर्पेन्टाइन बाहेर पडते. ते शुद्ध करून पायनीन, पायनीनपासून मायर्सीन, आणि त्यापासून पुढे एकामागून एक सुगंधी द्रव्ये घडविली जातात. १९७० नंतरच्या दशकात एका अमेरिकन कंपनीने याच मार्गाने आयसो ई सुपर नावाचे द्रव्य सिद्ध केले, आणि पुरुषांच्या काष्ठगंधाचे स्वरूपच पालटले. महाडात तयार होणारे अंबर फ्लूर हे त्याच कुळातले. कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून नाकाशी नेले तर प्रथम काहीच जाणवत नाही; मग नुकत्याच रंधलेल्या देवदाराच्या फळीसारखा एक कोरडा, मखमली गंध येतो, क्षणात नाहीसा होतो, आणि पट्टी खाली ठेवल्यावर अवचित परत येतो. झाँ-क्लोद एलेना यांनी २००६ मध्ये एर्मेस या पॅरिसच्या पेढीसाठी मिरी, संत्रे, वाळा व देवदार यांचा जो तेर देर्मेस नावाचा सुगंध रचला, आणि जो या वर्गाचा आजचा मानदंड समजला जातो, त्याच्या घडणीत आयसो ई सुपरचा वाटा फार मोठा आहे.

तेव्हा अशा उंची कुपीची पारख कशी करावी? जुन्या कसोट्या अद्याप निकामी झालेल्या नाहीत. पहिली कसोटी बैठकीची: मिरी-वेलचीचा वरचा झणका पाव घटकेत उडून जातो आणि दुकानदार नेमका तेवढ्यावरच सौदा करू पाहतो, म्हणून पट्टीवर न थांबता कातडीवर लावून, निदान दोन-तीन तासांनी तळाशी वाळा-चंदन उरते की नुसता साखरट लगदा, हे पाहावे. दुसरी कसोटी ऋतूची, म्हणजे मानसोल्लासाची: ज्या पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथील दमट हवेत ऊद आणि राळ यांचे जड मिश्रण अंगावर कोंदते, आणि वाळा, मिरी, नागरमोथा यांचा कोरडेपणाच शोभतो; जो सुगंध पॅरिसच्या हिवाळ्यात भारदस्त वाटतो, तो आषाढात सावित्रीकाठी असह्य होऊ शकतो. तिसरी कसोटी अंतराची: अत्तर हस्तांदोलनाच्या टप्प्यात कळावे अशी जुनी समज होती, आणि धारकाच्या आधी खोलीत शिरणारा सुगंध कितीही महाग असला तरी त्यात मर्यादेचा अभाव आहे.

राहता राहिली किमतीची गोष्ट. काष्ठगंधाचे अंग घडविणारे द्रव्य महाडातून पिंपांत भरून, किलोच्या भावाने परदेशी जाते आणि कोणाच्या तरी नावाखाली, मिलिलिटरच्या भावाने परत येते. मधला सारा फरक कुपीचा, जाहिरातीचा आणि पेढीच्या लौकिकाचा आहे. यात फसवणूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण रचना करणाऱ्याचे कसब ही स्वतंत्र वस्तू आहे, आणि शेकडो वर्षे अत्तराची किंमत देणाऱ्याच्या इभ्रतीनेच ठरत आली आहे. भेद एवढाच की दरबारी रिवाजात ती इभ्रत यजमान आपल्या हाताने पाहुण्यास फुकट बहाल करी, आणि आज ग्राहक ती स्वतःच्या पैशाने विकत घेऊन स्वतःच अंगावर शिंपडतो. सुगंध उत्तम असेल तर तो खुशाल घ्यावा. परंतु त्याला दुर्मीळ द्रव्याची किंमत समजून देऊ नये, आणि महाड-पोलादपूरच्या माणसाने तर मुळीच देऊ नये, कारण त्यातले बरेचसे द्रव्य त्याच्या बांधावर उगवते आणि उरलेल्यातले काही त्याच्याच खोऱ्यातल्या कारखान्यात घडते.