एंटर द गंजन : नवख्या खेळाडूसाठी

एंटर द गंजन : बंदुकांच्या विश्वात घडणारा, दर डावात नव्याने रचल्या जाणाऱ्या भुयारी किल्ल्याचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम. ‘डॉज रोल’ या छोट्या अमेरिकी गटाने तो तयार केला आणि ‘डेव्हॉल्व्हर डिजिटल’ या कंपनीने प्रकाशित केला. ५ एप्रिल २०१६ रोजी तो संगणक आणि प्लेस्टेशन ४ यांवर आला. २०१७ मध्ये एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विचवरही पोचला. चित्रण वरून पाहिल्यासारखे, जुन्या धाटणीच्या ठिपकेदार चित्रांचे आहे, त्यामुळे महागडे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो. अवघड खेळांची गोडी लागावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याने सुरुवात करावी असा हा खेळ आहे. तो कठोर आहे, पण खेळाडू का मेला हे जवळजवळ नेहमी पडद्यावर स्पष्ट दिसते.

कथासूत्र थोडक्यात असे : किल्ल्याच्या तळाशी भूतकाळ नष्ट करू शकणारी एक बंदूक आहे. ज्यांना आपल्या आयुष्यातली एखादी घटना पुसून टाकायची आहे, ती माणसे तिच्या शोधात आत उतरतात. किल्ल्यात राहणारे शत्रू स्वतःच काडतुसे, हातबाँब, बंदुका यांच्या रूपातले आहेत. मुख्य मजले पाच : लेड लॉर्डचा गड, मूळ गंजन, काळ्या दारूची खाण, पोकळी आणि भट्टी. प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक मोठा शत्रू, म्हणजे बॉस, उभा असतो. भट्टीत हाय ड्रॅगन.

खेळाची जात रोगलाइक. १९८० च्या ‘रोग’ या खेळावरून हे नाव पडले. डावात मरण आले की डाव संपला, मिळवलेल्या बंदुका गेल्या, पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात. मात्र गंजनमधल्या खोल्या यंत्राने आंधळेपणाने बनवलेल्या नाहीत. एकेक खोली माणसाने विचारपूर्वक रचली आहे, दर डावात बदलतो तो त्यांचा क्रम आणि जोडणी. त्यामुळे काही काळ खेळल्यावर खोल्या ओळखीच्या वाटू लागतात आणि ‘इथे डाव्या खांबाआड जायचे’ हे पाय ठेवताच आठवते. दुसरा वारसा जपानी आर्केडमधल्या, पडदा गोळ्यांनी भरून टाकणाऱ्या नेमबाजीच्या खेळांचा. त्या परंपरेतून आलेली एक गोष्ट नवख्याने आधी समजून घ्यावी : गोळी लागण्याची जागा पडद्यावर दिसणाऱ्या आकृतीपेक्षा लहान असते. अंगाला चाटून गेल्यासारखी वाटणारी गोळी पुष्कळदा लागलेली नसते.

नवख्याची अडचण बहुधा नेमाची नसते, खर्चाची असते. जे जपून वापरायचे ते तो उधळतो आणि जे मोकळ्या हाताने वापरायचे ते साठवून ठेवतो. उधळतो ती कोलांटी. साठवतो ते ब्लँक, चांगल्या बंदुकांची काडतुसे आणि किल्ल्या. पुढचे बहुतेक सल्ले याच एका दोषावरचे आहेत.

कोलांटी : या चालीवरूनच निर्मात्या गटाने आपले नाव घेतले आहे. कोलांटीच्या पहिल्या भागात, शरीर हवेत असताना, कोणतीही गोळी लागत नाही. जमिनीला टेकून सावरण्याच्या दुसऱ्या भागात लागते. कोलांटी सुरू झाली की मध्येच दिशा बदलता येत नाही आणि त्या काळात गोळीबारही करता येत नाही. म्हणजे ती घेणे ही एक बांधिलकी आहे. घाबरून लागोपाठ तीन-चार कोलांट्या घेणारा खेळाडू प्रत्येक वेळी उघड्यावर उतरतो, आणि बहुतेक वेळा नेमक्या दुसऱ्या गोळ्यांच्या रांगेत. खो-खोतला कसलेला पळणारा प्रत्येक धावून येणाऱ्याला चुकवायला उडी घेत नाही, अर्ध्या पावलाची हुलकावणी देऊन निघून जातो. इथेही बहुतांश गोळ्या नुसते चालत चुकवता येतात. गोळ्या दिसायला भयंकर असल्या तरी त्यांचा वेग बेताचा असतो आणि दोन गोळ्यांच्या मधली फट बहुधा पुरेशी असते.

मग कोलांटी कधी घ्यावी? गोळ्यांची भिंत सलग असेल, फट उरलीच नसेल, तेव्हा. आणि ती मागे नको, भिंतीच्या दिशेने, आरपार घ्यावी. मागे उडी मारली की गोळ्या पाठलाग करत येतात आणि सावरण्याच्या क्षणी गाठतात. पुढे घेतली की त्या अंगावरून निघून जातात आणि उतरायला मोकळी जमीन मिळते. हे हाताला पटायला वेळ लागतो, कारण भीती उलट सांगते. सरावाचा एक उपाय फार उपयोगी आहे : पहिल्या मजल्यावरच्या सोप्या खोल्यांत जाणूनबुजून कोलांटी न घेता लढावे. तिथले साधे काडतूसवीर एकावेळी एकच गोळी झाडतात; त्यांना नुसत्या चालीने चुकवणे जमले की पुढच्या मजल्यांवर डोळा आपोआप फटी शोधू लागतो. याच सवयीचा दुसरा भाग म्हणजे नजर. ती आपल्या पात्राच्या आसपासच्या जागेवर ठेवावी, दूरच्या शत्रूवर खिळवू नये.

खोलीत शिरल्याबरोबर दारे बंद होतात. आत धावत न सुटता दारापाशी क्षणभर थांबून कोण कुठे आहे ते पाहावे. टेबल असेल तर ते उलटून आड घ्यावे. ते गोळ्या झेलते, मात्र फुटतेही. खांब फुटत नाहीत, म्हणून खांब अधिक भरवशाचे. शत्रूंची दुसरी तुकडी अचानक अवतरू शकते, तेव्हा पहिली संपली म्हणून खोलीच्या मधोमध निर्धास्त उभे राहू नये. कोणाला आधी मारायचे याचाही विचार हवा. पडदा गोळ्यांनी भरणाऱ्या जादूगारांना आणि बंदूकधारी थव्यांना आधी टिपावे. तलवार घेऊन संथ पावलांनी येणाऱ्या चिलखती गन नटला शेवटी ठेवावे, त्याच्यापासून अंतर राखणे सोपे असते. काही शत्रू मरता मरता चारी बाजूंना गोळ्या सोडतात, म्हणून शेवटचा वार शक्यतो लांबून करावा.

ब्लँक : एक कळ दाबताच पडद्यावरच्या शत्रूंच्या सर्व गोळ्या नाहीशा होतात आणि जवळचे शत्रू मागे ढकलले जातात. नव्या मजल्यावर उतरताना खेळाडूकडे दोनपेक्षा कमी ब्लँक असतील तर खेळ ते भरून दोन करतो. या एका नियमात सगळे आले. मजला संपताना हातात दोन ब्लँक शिल्लक असतील तर ते वाचवलेले नाहीत, वाया गेलेले आहेत, कारण वापरले असते तरी पुढे दोन मिळणारच होते. तरीही नवखे खेळाडू ते ‘अडचणीच्या वेळेसाठी’ राखतात आणि राखलेल्या ब्लँकसह मरतात. कोपऱ्यात सापडलात, कोलांटी आत्ताच संपली, समोर रांग आली, की ब्लँक वापरावा. प्राण मोजणाऱ्या हृदयांपैकी अर्धे हृदय वाचणे ही त्याची पुरेपूर किंमत आहे. उरलेच, तर बॉसच्या दाराआधी एखाद्या संशयास्पद भिंतीजवळ वापरावेत. ब्लँकने आसपासचे गुप्त दार उघडे पडते. भिंतीवर गोळी मारूनही गुप्त खोलीच्या जागी तडा दिसतो, पण सुरुवातीच्या बंदुकीच्या गोळीने नाही. त्यासाठी डावात मिळालेली बंदूक लागते.

बंदुका : सुरुवातीच्या बंदुकीची काडतुसे संपत नाहीत, बाकी बहुतेक सर्वांची संपतात. त्यामुळे नवखा खेळाडू चांगली बंदूक बॉससाठी ठेवतो आणि सगळा मजला दुबळ्या पिस्तुलाने झुंजतो. खोली जितकी लांबते तितक्या जास्त गोळ्या चुकवाव्या लागतात. वाचवलेल्या काडतुसांची किंमत हृदयांनी चुकवली जाते. दोन-तीन बंदुका असतील तर खोलीच्या कठीणपणाप्रमाणे त्या आलटून पालटून वापराव्यात. दारूगोळ्याच्या पेट्या मिळत राहतात. हिरवी पेटी हातात धरलेल्या बंदुकीलाच भरते, म्हणून उचलण्यापूर्वी हवी ती बंदूक हातात घेतली आहे ना हे पाहावे. बंदूक बदलून मागची आपोआप भरेल असे मानू नये, आणि खोली संपताच काडतुसे भरून पुढे जाण्याची सवय लावावी. २०१८ च्या मोठ्या सुधारित आवृत्तीपासून ठराविक बंदुका व वस्तू जवळ असल्या की त्यांचा एकत्रित जादा परिणाम मिळतो. निळा बाण दिसला की अशी जोडी जमली असे समजावे. या जोड्या पाठ करण्याची गरज नाही, खेळता खेळता कळतात.

किल्ल्या, पेट्या, दुकान : मजल्यावर साधारण दोन पेट्या असतात आणि त्या बहुधा कुलूपबंद. त्यांची प्रत रंगावरून कळते : तपकिरी सर्वांत साधी, मग निळी, हिरवी, लाल आणि सर्वोत्तम काळी. हाती एकच किल्ली असेल तर सबंध मजला पाहून मगच ती खर्च करावी. साफ झालेल्या खोल्यांतल्या दूरवाहकांमुळे नकाशावरून क्षणात मागे येता येते. पण मजला सोडताना किल्ली खिशात आणि पेटी मागे, असे कधीही होऊ देऊ नये. चलन म्हणजे रिकाम्या पुंगळ्या. बेलो नावाच्या दुकानदाराकडे काय घ्यावे या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीच्या काळात सहसा एकच आहे : किल्ली. एका किल्लीने एक बंदूक किंवा कायम उपयोगी पडणारी वस्तू मिळते, आणि पहिल्या दोन मजल्यांवर मिळालेली वस्तू उरलेल्या सगळ्या डावभर साथ देते. हृदय फार कमी उरले असेल तरच औषधाकडे वळावे. दुकानात बंदूक झाडू नये, बेलो चिडतो. काही पेट्या पेटी नसून रूप घेतलेले शत्रू असतात. संशय आला तर एक गोळी मारून पाहावी, पण जास्त नाही, खरी पेटी गोळ्यांनी मोडते. नको असलेली वस्तू जमिनीवर टाकून खोली सोडली तर एक लबाड उंदीर ती पळवतो आणि जागेवर चिठ्ठी ठेवतो.

पात्र : सुरुवातीला चार पात्रांतून निवड करता येते. नवख्याने मरीन घ्यावा. त्याच्याकडे एक जादा चिलखत असते, नेम अधिक स्थिर असतो आणि दारूगोळा मागवण्याची सोय असते. हंटरही चांगली निवड. तिच्या क्रॉसबोचा मार जबरदस्त आहे आणि सोबतचा कुत्रा अधूनमधून काहीतरी शोधून देतो. पायलटचे कुलूप उघडण्याचे साधन दर वेळी यशस्वी होतेच असे नाही. कन्व्हिक्टची ताकद मार खाल्ल्यावर वाढते, म्हणून ती नंतर घ्यावी.

बॉस : पहिल्या मजल्यावर बुलेट किंग, गॅटलिंग गल किंवा ट्रिगर ट्विन्स यांपैकी कोणीतरी भेटतो. गॅटलिंग गलच्या खोलीत खांब आहेत, त्याच्या लांबलचक गोळीबारात त्यांचा आडोसा घ्यावा. ट्विन्सपैकी एक मेला की दुसरा खवळतो, म्हणून दोघांनाही थोडे थोडे दुबळे करत आणावे. प्रत्येक बॉसच्या चाली ठरलेल्या असतात. पहिल्या भेटीत जिंकण्यापेक्षा त्या पाहून घेणे जास्त मोलाचे. स्वतःला एकही इजा न होता बॉसला हरवले तर मास्टर राउंड मिळतो आणि उरलेल्या डावासाठी एक हृदय वाढते; चिलखतावर झेललेली गोळीही इजाच धरली जाते. ब्लँक वापरल्याने मात्र हे बक्षीस हुकत नाही, आणि ब्लँक राखून ठेवण्याचे एकमेव रास्त कारण हेच आहे.

शाप : काही बंदुका, काही वेदी आणि चोरी यांमुळे शाप वाढतो. शापाने काही शत्रू लालसर काळे होतात, अधिक चिवट होतात आणि अर्ध्याऐवजी पूर्ण हृदय घेतात. शाप दहावर गेला की ज्याला मारता येत नाही असा एक पाठलाग करणारा मागे लागतो. थोडा शाप पत्करून चांगली बंदूक घ्यायला हरकत नाही. पण वेदी दिसली म्हणून प्रार्थना करू नये.

मृत्यूनंतर उरणारे : बॉस मारून मिळालेले हेजेमनी क्रेडिट डाव संपला तरी टिकतात. ते प्रवेशद्वारापाशी ऑक्स आणि कॅडेन्स या दुकानदारांकडे खर्च करून नव्या बंदुका व वस्तू पुढच्या डावांच्या साठ्यात घालता येतात. किल्ल्यातल्या कोठड्यांत अडकलेल्या माणसांना सोडवावे, तीही नंतर इथे येऊन दुकाने थाटतात. टिंकर नावाचा कारागीर मागेल ती सामग्री दिल्यास खालच्या मजल्यांना जाणारी लिफ्ट दुरुस्त करतो. नवख्याने तिचा उपयोग फक्त सरावासाठी करावा. दुसरा बॉस पुन्हा पुन्हा हरवत असेल तर थेट तिथे उतरून त्याच्या चाली शिकाव्यात. पूर्ण डाव मात्र वरूनच सुरू करावा, कारण वगळलेल्या मजल्यावरच्या पेट्याही वगळल्या जातात.

भूतकाळ : ड्रॅगनला हरवले की डाव जिंकला असे मानले जाते, पण पात्राच्या भूतकाळात जाण्यासाठी एक खास गोळी लागते. तिचे चार भाग वेगवेगळ्या मजल्यांवर मिळवून लोहाराकडे न्यावे लागतात, आणि शेवटचा भाग खुद्द ड्रॅगनकडे असतो. पहिला भाग दुकानातून पुंगळ्या मोजून घ्यावा लागतो, त्यामुळे त्या डावात किल्ल्यांसाठी पैसे कमी उरतात. म्हणून ड्रॅगनपर्यंतची वाट नियमित जमू लागल्यावरच या शोधाला लागावे. गोळी एकदा घडवली गेली की नंतरच्या डावांत ती लोहाराकडे तयार मिळते.