कॅरेट परत आलं तरच पैसे वाचतात: पुन्हा वापरायच्या पॅकिंगचा हिशेब समजून घ्या

नंदुरबार जिल्ह्यातून रोज माल बाहेर जातो. शहाद्याची पपई आणि केळी, नंदुरबारची मिरची, नवापूरची तूरडाळ, धडगावच्या डोंगरातली सीताफळं. भाव काय मिळाला हे सगळेच विचारतात. पण माल कशात भरून गेला, त्याला किती खर्च आला आणि रिकामं झालेलं खोकं, गोणी किंवा कॅरेट पुढं कुठं गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

एकदा वापरून फेकायचं खोकं दर खेपेला नव्यानं विकत घ्यावं लागतं. पुन्हा वापरायचं कॅरेट एकदाच घ्यावं लागतं, पण ते परत आणावं लागतं. सगळा फायदा-तोटा या 'परत आणण्यात' आहे. शेतकरी, शेतकरी गट, छोटे व्यापारी आणि दुकानदार यांना हा हिशेब घरबसल्या करता यावा, म्हणून ही माहिती.

ही पद्धत आपल्या ओळखीचीच आहे

पुन्हा वापरायचं पॅकिंग म्हटलं की काहीतरी नवीन वाटतं. पण घरातला गॅस सिलिंडर बघा. गॅस संपतो, सिलिंडर परत जातो, पुन्हा भरून येतो. पहाटे दुधाची गाडी दुकानासमोर भरलेली कॅरेटं उतरवते आणि कालची रिकामी उचलून नेते. लग्नकार्यात येणारे पाण्याचे २० लिटरचे जारही असेच फिरतात. पूर्वी सोड्याची काचेची बाटली दुकानातच पिऊन परत द्यावी लागायची, नाहीतर बाटलीचे पैसे ठेवावे लागायचे.

एक जुनं आणि मोठं उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचं. १८९० पासून हे काम चालू आहे. डबा घरून ऑफिसला जातो आणि त्याच दिवशी रिकामा होऊन घरी येतो. डब्यावर रंगानं लिहिलेल्या खुणांवरून तो कुठून आला आणि कुठं जायचा हे कळतं.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. वस्तू कुणाची आहे याची खूण असते. ती परत यावी म्हणून डिपॉझिट असतं किंवा रोजची ओळख असते. आणि जाण्या-येण्याची फेरी ठरलेली असते. या तीनपैकी एक जरी नसेल तर कॅरेटं हळूहळू गायब होतात.

कॅरेटमुळे माल कसा वाचतो

नाशिक जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत आणि पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव ही टोमॅटोची मोठी मार्केटं. तिथं भाव किलोवर कमी आणि २० किलोच्या कॅरेटवर जास्त बोलला जातो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला, तेव्हाच्या बातम्याही 'एका कॅरेटला दोन हजारांच्या वर' अशाच होत्या. म्हणजे तिथं कॅरेट हे नुसतं भांडं राहिलं नाही, ते मापच झालं.

याचं कारण साधं आहे. गोणीत किंवा पाटीत माल भरला की वरच्या मालाचं वजन खालच्या मालावर येतं. कॅरेटवर कॅरेट ठेवलं की वजन कॅरेटच्या भिंती आणि कडा पेलतात, फळ पेलत नाही. बाजूच्या फटींतून हवा खेळते, माल गरम होत नाही. उतरवताना फेकाफेक कमी होते. मात्र कॅरेट काठाच्या वर भरलं तर हा सगळा फायदा जातो, कारण मग वरचं कॅरेट थेट फळावर बसतं.

नुकसान किती होतं याचा अंदाज सरकारी संशोधनातून आलेला आहे. लुधियानाच्या 'सिफेट' या केंद्रीय संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार काढणीपासून पुढं देशात फळांचं ६.७० ते १५.८८ टक्के आणि भाजीपाल्याचं ४.५८ ते १२.४४ टक्के नुकसान होतं. या अभ्यासात टोमॅटोचं नुकसान १२.४४ टक्के निघालं. हे सगळं नुकसान पॅकिंगमुळेच होतं असं नाही. काढणी, उन्हात उभी राहिलेली गाडी, साठवण ही कारणंही त्यात आहेत. पण दबून आणि घासून होणारं नुकसान आपल्या हातात आहे.

खरा हिशेब: किती परत आली?

आता पैशाचं बघू. खालचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले दर टाकून हाच हिशेब करा.

समजा एका खेपेला १०० नग माल जातो. पुठ्ठ्याचं खोकं ३० रुपयांना पडतं. म्हणजे दर खेपेला ३,००० रुपये गेले, आणि खोकी परत येत नाहीत.

समजा प्लॅस्टिकचं कॅरेट २५० रुपयांना आहे. रिकामं परत आणायचं भाडं आणि धुणं मिळून एका कॅरेटमागं ८ रुपये. १०० कॅरेटांचे झाले ८०० रुपये.

पहिली शक्यता: दर खेपेला १०० पैकी २ कॅरेटं हरवतात किंवा फुटतात. ती नवीन घ्यायला ५०० रुपये. एकूण खर्च १,३०० रुपये. खोक्याच्या तुलनेत एका खेपेला १,७०० रुपये वाचले. सुरुवातीला १०० कॅरेटांना घातलेले २५,००० रुपये साधारण १५ खेपांत निघाले. त्यापुढची बचत तुमची.

दुसरी शक्यता: दर खेपेला १०० पैकी १० कॅरेटं जातात. ती भरून काढायला २,५०० रुपये, वर ८०० रुपये. एकूण ३,३०० रुपये. म्हणजे खोक्यापेक्षाही महाग पडलं! सुरुवातीचे २५,००० कधीच निघणार नाहीत.

कॅरेट तेच, माल तोच, गाडी तीच. फरक फक्त परत येण्याचा. म्हणून कॅरेट घेण्याआधी 'किती रुपयाला?' या प्रश्नासोबत 'परत कोण आणणार?' हाही प्रश्न विचारा.

जवळ कॅरेट, लांब खोकं

नंदुरबारहून सुरत साधारण दीडशे किलोमीटर. गाडी सकाळी माल टाकून त्याच दिवशी परत येते. येताना रिकामीच असेल तर कॅरेटं आणायला वेगळा खर्च जवळपास नाही. अशा फेरीला कॅरेट परवडतं.

दिल्लीकडं जाणाऱ्या पपईचं तसं नाही. अंतर हजार किलोमीटरच्या वर. ट्रकवाला तिकडून दुसरा माल भरून तिसरीकडंच जातो. रिकामी कॅरेटं आणायला जागा कोण देणार? त्यामुळे लांबच्या मालाला कागदात गुंडाळून भरणं किंवा एकदाच वापरायचं खोकं, हेच चालतं आणि त्यात चूक काही नाही. तरीही शेतापासून पॅकिंगच्या जागेपर्यंत कॅरेट वापरता येतंच. तेवढ्या अंतरातली कॅरेटं संध्याकाळी आपल्याच खळ्यात परत असतात, आणि फळ खरचटतं ते बऱ्याचदा याच पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर.

आणखी एक बारीक गोष्ट. साधं चौकोनी कॅरेट रिकामं असतानाही भरलेल्याइतकीच जागा खातं. काही कॅरेटं उलट फिरवली की एकात एक बसतात, काही घडी होतात. ती थोडी महाग असतात, पण एका गाडीत कितीतरी जास्त रिकामी येतात. परतीचं भाडं द्यावं लागत असेल तर हीच स्वस्त पडतात.

मोठ्या कंपन्यांनी यावर दुसरा मार्ग काढला आहे. कॅरेट किंवा लाकडी पॅलेट स्वतः न घेता भाड्यानं घ्यायचे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या मागं राहिलेल्या पॅलेटांपासून असा एक मोठा धंदा उभा राहिला, तो आज जगभर चालतो. आपल्याकडं शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी हेच छोट्या प्रमाणावर करू शकते. दहा जणांनी प्रत्येकी शंभर कॅरेटं घेऊन आठवड्यातले चार दिवस रिकामी ठेवण्यापेक्षा, गटाची चारशे कॅरेटं पाळीनं सगळ्यांकडं फिरली तर गुंतवणूक निम्म्याहून कमी होते.

कॅरेटचं वजन कुणाच्या माथी?

हा शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न आहे. रिकाम्या कॅरेटचं वजन साधारण दीड ते दोन किलो भरतं. काट्यावर भरलेलं कॅरेट चढतं आणि रिकाम्याचं वजन वजा होतं. ते किती वजा होतं याकडं लक्ष ठेवा.

समजा कॅरेट खरं १ किलो ८०० ग्रॅमचं आहे आणि सरसकट अडीच किलो कापले. एका कॅरेटमागं ७०० ग्रॅम गेले. १०० कॅरेटांत ७० किलो. किलोला १५ रुपये भाव धरला तरी १,०५० रुपये झाले. मघाशी खोक्यांवर वाचवलेले पैसे इथं काट्यावर गेले.

उपाय गॅस सिलिंडरवरच आहे. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. तसंच आपल्या कॅरेटवर पक्क्या रंगानं लिहा. व्यापाऱ्याचं कॅरेट असेल तर भरण्याआधी दोन-तीन रिकामी काट्यावर ठेवून बघा. ओलं किंवा मातीनं भरलेलं कॅरेट जड भरतं, हेही लक्षात असू द्या. पट्टीवर निव्वळ वजन आणि कॅरेटची कपात वेगवेगळी लिहून मागा. वाद झाला तर बाजार समितीकडं, आणि काट्याबद्दलच शंका असेल तर वैधमापन विभागाकडं तक्रार करता येते.

मिरची आणि धान्याचं बारदान

नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली मिरची आणि घरातलं धान्य कॅरेटात जात नाही, बारदानात जातं. बारदान म्हणजे पुन्हा वापरायचं पॅकिंगच. त्याचं महत्त्व ते नसलं की कळतं. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात हमीभावाची सोयाबीन खरेदी कित्येक केंद्रांवर बारदान नाही म्हणून अडली होती. माल तयार, काटा तयार, पण भरायला गोणी नाही.

तागाचं बारदान हवा खेळू देतं. मिरचीत ओल राहिली असेल आणि ती प्लॅस्टिकच्या गोणीत कोंडली तर आत घाम सुटतो, बुरशी धरते, रंग जातो. तागाच्या गोणीतही मिरची नीट वाळवूनच भरायची, पण ताग थोडं सांभाळून घेतं.

जुनं बारदान पुन्हा वापरताना ते उलटं करून झटका, शिवणीत अडकलेले दाणे काढा. सोंडकिडे आणि त्यांची अंडी तिथंच लपलेली असतात. गरम पाण्यातून काढून कडक उन्हात पूर्ण वाळवा. फाटलं असेल तर ठिगळ लावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. खताची गोणी, औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी किंवा फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी धान्य, मिरची, पाणी किंवा जनावरांचं खाद्य त्यात भरू नका. पैसे वाचवायला गेलात आणि जीवावर बेतलं, असं होईल.

दुकानदार आणि छोटे धंदेवाले

राज्य सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगसाठी पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० रुपये आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्रानंही एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तू बंद केल्या. जाड, वर्षानुवर्षं चालणारी कॅरेटं या बंदीत येत नाहीत.

फरसाण, बेकरी, पापड-मसाला करणारे बचत गट, डेअरी यांनी रोजच्या दुकानांना माल देताना झाकणाचे डबे किंवा कॅरेट वापरून बघायला हरकत नाही. फेरी रोजची आणि दुकानं ठरलेली असतात, त्यामुळे रिकामं परत आणणं सोपं जातं. खाण्याच्या वस्तूंचा डबा वेगळा ठेवा आणि दर खेपेला धुऊन वाळवा.

सुरुवात कशी कराल?

एकदम शंभर-दोनशे कॅरेटं घेऊ नका. एकच बाजार, एकच गाडी आणि वीस-पंचवीस कॅरेटं घेऊन महिनाभर बघा. सगळ्यांचा रंग एकच ठेवा, त्यावर गावाचं किंवा गटाचं नाव आणि नंबर टाका. दुसऱ्याकडं कॅरेट गेलं की वहीत तारीख, माणसाचं नाव आणि नग लिहा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर अजून बरं. डिपॉझिट घ्या, ते कॅरेटच्या किमतीच्या जवळपास असू द्या. दहा रुपयांच्या डिपॉझिटसाठी अडीचशेचं कॅरेट कुणी परत आणत नाही.

रिकामी कॅरेटं सावलीत ठेवा. सतत ऊन लागलं की प्लॅस्टिक ठिसूळ होऊन कडा तुटतात. फुटलेली कॅरेटं जाळू नका, भंगारात द्या, किलोवर पैसे मिळतात. खरेदीआधी कॅरेटसाठी काही अनुदान चालू आहे का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

महिन्याच्या शेवटी वही उघडा आणि किती गेली, किती आली ते मोजा. शंभरात दोन-तीनच कमी झाली असतील तर पुढची कॅरेटं बिनधास्त घ्या. दहा कमी असतील तर नवीन घेऊ नका, आधी ती कुठं राहिली ते शोधा.