पावसाच्या चिठ्ठीचं कूळ

पावसानं धुतलेल्या सामन्याच्या तिकिटाची भरपाई ही रीत पक्की झाली ती फुकट्या प्रेक्षकांमुळे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला जायला हवं.

1880 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पेलिकन्स या बेसबॉल संघाचा कारभार ॲब्नर पॉवेल पाहत असे. तेव्हाची तिकिटं जाड पुठ्ठ्याची असत. दारावर ती काढून घ्यायची आणि पुढच्या सामन्याला तीच पुन्हा विकायची. मध्येच पाऊस आला, की लोक पुढच्या खेळासाठी तिकीट परत मागायला खिडकीवर गर्दी करत. त्या रांगेत कुंपणावरून उड्या मारून आलेले असत, फुकट पासवालेही असत. पैसे जमा झाले त्याहून जास्त तिकिटं बाहेर जात! पॉवेलनं तोड काढली ती सुटणाऱ्या तुकड्याची. तिकिटाचा एक भाग दारावर ठेवून घ्यायचा, उरलेला प्रेक्षकाच्या हाती द्यायचा. पाऊस पडला तर तो तुकडा दाखवून पुढचा सामना बघा. कुंपणावरून आलेल्याकडे तुकडा कुठून असणार? हाच तो ‘रेन चेक’, म्हणजे पावसाची चिठ्ठी. साल 1889 सांगतात.

इथे अभ्यासक हरकत घेतात, आणि ती बिनतोड आहे. ‘रेन चेक’ हा शब्द 1884 मध्येच छापलेला सापडतो. मग पॉवेलचं श्रेय खोटं? मला तसं वाटत नाही. त्याच 1884 साली पॉवेल युनियन असोसिएशन या लीगमध्ये वॉशिंग्टनकडून खेळत होता. मैदानांवर पावसाच्या चिठ्ठ्या वाटल्या जाताना त्यानं कदाचित पाहिल्याही असतील. भरपाईचं वचन आधीपासून होतं. खऱ्या गिऱ्हाइकाला ओळखणारा तुकडा पॉवेलचा. त्याच्याकडून एवढं श्रेय काढून घेऊ नये.

बेसबॉलनं पुढे मर्यादाही आखली: साधारण पाच डाव झाले की सामना पुरा धरायचा, मग चिठ्ठी रद्द.

क्रिकेटमध्ये रोख परतावा आला, पण मोजमाप देशोदेशी निराळं. इंग्लंडात कसोटीच्या दिवशी किती षटकं पडली त्यावर पूर्ण पैसे, अर्धे की काहीच नाही हे ठरतं. आपल्याकडे सहसा एकही चेंडू पडला नाही तरच परतावा. 17 मे 2025 ला बेंगळुरूत बेंगळुरू-कोलकाता आयपीएल सामन्याची नाणेफेकही झाली नाही, म्हणून प्रेक्षकांना पैसे मिळाले. दोन षटकं पडली असती, तर त्याच भिजलेल्या माणसांना या नियमानं काहीच मिळालं नसतं. हा अन्याय आहे. षटकांच्या हिशेबानं परतावा देणं आपल्या क्रिकेट मंडळानं आता सुरू करावं.