नाकासमोरचा इतिहास

देवाने माणसाला पाच ज्ञानेंद्रियं दिली खरी, पण पुढे मानाची वाटणी झाली तेव्हा नाकावर अन्याय झाला. डोळ्यांसाठी चित्रांची प्रदर्शनं भरतात, कानांसाठी गाण्याच्या बैठकी होतात, जिभेसाठी तर गल्लोगल्ली खानावळी आहेत. नाकाला काय मिळालं? चष्मा टेकवायचं काम! भाषेनेही त्याला कधी सुखाने वास घेऊ दिलेला नाही. नाक कापलं जातं, मुरडलं जातं, घासलं जातं, त्याने कांदे सोलले जातात. पण नाकाने काही मजेत हुंगलं असा एक वाक्प्रचार मला अजून भेटलेला नाही.

मी मात्र जन्मजात नाकाचा माणूस आहे. कोणी गड चढतात, कोणी तिकिटं जमवतात, मी वास घेतो. मुंबईला गेलो की महंमद अली रोडवरच्या एका अत्तराच्या दुकानात माझी फेरी ठरलेली. दुकान म्हणजे आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यात भिंतभर बाट्ल्या आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या दाढीचे चाचा. मी दिसलो की ते न बोलता माझा हात पुढे ओढून घेतात. मनगटावर हिना, त्याच्यावर चार बोटं सोडून वाळा, कोपरापाशी केवडा, मग दुसरा हात. दोन्ही हात संपले की मी नाइलाजाने काहीतरी विकत घेतो. घरी आल्यावर ही दारातच म्हणते, "अहो, आधी आंघोळ करा. तुमच्या अंगाला एकाच वेळी लग्नाचा, उरुसाचा आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानाचा वास येतोय."

माझी ही ख्याती सातासमुद्रापलीकडे पोचलेली असावी. कारण गेल्या खेपेला परदेशातला पुतण्या आला तो करंगळीएवढ्या दहा काचेच्या नळ्या घेऊन. "काका, ही निश परफ्यूम्सची सँपल्स. आख्खी बाटली नाही आणली. किंमत सांगितली असती तर तुम्हाला चक्कर आली असती."

'निश' म्हणजे काय म्हणून कोश उघडला, तर अर्थ निघाला 'कोनाडा'. मला हसूच आलं. आमच्या आजोबांची अत्तरदाणी आयुष्यभर कोनाड्यातच होती. ती निश आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. पण या कोनाड्यालाही इतिहास आहे. मोठाल्या कंपन्या जाहिरातींच्या जोरावर सगळ्या जगाला मोजके चार वास लावू लागल्या, तेव्हा काही हट्टी फ्रेंच माणसांनी वेगळी चूल मांडली. ज्याँ लापोर्त यांनी १९७६ साली 'लार्तिझाँ पर्फ्यूमर' काढलं. फ्रेदेरिक माल यांनी २००० साली बाटलीवर चक्क सुगंध बनवणाऱ्याचं नाव छापलं, पुस्तकावर लेखकाचं छापतात तसं. तोवर सुगंध जुळवणारा माणूस पडद्यामागेच असायचा. आता असे वास इतके झाले आहेत की शौकीन लोक आख्ख्या बाटलीच्या भानगडीत न पडता एकदोन मिलिलिटरच्या नळ्या मागवतात, हुंगतात आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात. म्हणजे आमचे चाचा जे काम मनगटावर फुकट करतात, तेच.

आणि हा नाद आजचा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिर नावाचा थोर ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या 'बृहत्संहिते'त ग्रहणं आहेत, पाऊस आहे, भूकंप आहेत आणि मध्येच 'गंधयुक्ती' नावाचा एक अध्याय आहे. त्यात त्याने सोळा द्रव्यं सांगितली आहेत. त्यातली कुठलीही चार घ्या, कोणाचा एक भाग, कोणाचे दोन, कोणाचे तीन, कोणाचे चार असं प्रमाण बदलत राहा, असं करत करत त्याने एकूण सुगंधांचा आकडा काढला आहे: १,७४,७२०. मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. रोज एक सँपल हुंगायचं म्हटलं तर ४७८ वर्षं आणि वर काही महिने लागतात. अकबर बादशहाच्या लहानपणी कोणी सुरुवात केली असती तर तो गृहस्थ आता कुठे शेवटच्या नळीपाशी आला असता.

ही सोळा द्रव्यांची यादी मी घरात मोठ्याने वाचली. नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन, अगरू, इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. दगडफूल, नागकेशर आणि धणे आले तशी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अत्तर राहू द्या, हा तर गोड्या मसाल्याचा निम्मा जिन्नस झाला!" तिचं म्हणणं अगदी खरं आहे. आणि नागरमोथा, कचोरा, वाळा हे दिवाळीच्या उटण्यातले. दीड हजार वर्षांपूर्वीचं शास्त्र राजवाड्यातून गेलं, पण डब्यातून आणि न्हाणीघरातून गेलेलं नाही. इतिहासाला असं लपून बसायला स्वयंपाकघरासारखी जागा नाही.

मराठी माणसाचा या शास्त्राशी संबंध केवळ पहाटेच्या उटण्यापुरता, असंही समजू नका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प. कृ. गोडे नावाचे विद्वान अनेक वर्षं क्युरेटर होते. जिलेबी, मेंदी, रांगोळी, शोभेची दारू अशा, इतर विद्वान ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत त्या गोष्टींचा इतिहास त्यांनी पोथ्यांतून हुडकून काढला. त्यांनाच एका हस्तलिखितात सुगंधावरचे दोन संस्कृत ग्रंथ सापडले. एक गंगाधराचा 'गंधसार' आणि दुसरा 'गंधवाद'. या दुसऱ्याच्या कर्त्याने आपलं नाव सांगितलेलं नाही, पण त्याच्यावर टीका आहे ती मराठीत! पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ छापले.

मला त्या निनावी मराठी टीकाकाराचं फार कौतुक वाटतं. मराठीत म्हटलं की आपल्याला ज्ञान, भक्ती, वैराग्य आणि लढाया आठवतात. पण कोण्या एका मराठी माणसाला असंही वाटलं की सुगंध कसा करावा हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत कळलं पाहिजे. 'गंधसारा'त तर सुगंध करण्याच्या सहा क्रियाच दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. वाचताना वाटतं हा योगाभ्यास आहे की काय. प्रत्यक्षात चूर्ण रसात भिजवणं, शिजवून मुरवणं, धुरी देणं, फुलांच्या संगतीत ठेवणं असा हा खटाटोप. पोथी समोर आहे, कृती समोर आहे, आणि तरी तो वास आज कोणी निक्षून सांगू शकत नाही. गाण्याच्या चिजेचे बोल मिळावेत आणि चाल हरवावी, तसं हे दुःख आहे.

कनौजच्या अत्तराची चाल मात्र अजून थोडी ऐकू येते. गुलाबाच्या अत्तराची गोष्ट जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. लोक या शोधाचं श्रेय नूरजहानला देतात आणि तिला गुलाबपाण्याच्या हौदात आंघोळीला बसवतात. पण १६१४ सालच्या हकिकतीत बादशहा स्वतः सांगतो की शोध तिच्या आईचा, अस्मत बेगमचा. ती गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर तेलकट तवंग आला, तिने तो थोडा थोडा जमवला, आणि एका थेंबाने सगळी मैफल दरवळली. जहांगीरने सासूबाईंना मोत्यांचा कंठा बक्षीस दिला. सासूची लेखी स्तुती करणारा आणि वर मोती देणारा जावई इतिहासात विरळाच. अत्तराला नाव मात्र 'इत्र-ए-जहांगिरी' पडलं. राबायचं सासूने आणि पाटी जावयाची!

कनौजमध्ये अजूनही जुन्या पद्धतीची भट्टी पाहायला मिळते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपून टाकायचं, खाली लाकडाचा मंद जाळ. वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलाचा वास मुळात उडाणटप्पू. चंदन त्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं धरून ठेवतं. ना घड्याळ, ना काटा. जाळ किती ठेवायचा हे कारागीर हाताने आणि कानाने ठरवतो.

या पद्धतीतली सगळ्यात अजब चीज म्हणजे मातीचं अत्तर. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरवायचा. जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर'मध्ये या वासावर निबंध लिहिला आणि त्याला 'पेट्रिकोर' असं भारदस्त नाव दिलं. त्यातही उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचा उल्लेख आहे. ज्याला प्रयोगशाळेत १९६४ साली नाव मिळालं, ते आमच्या चाचांच्या धंद्यात त्याच्या कितीतरी आधीपासून कुपीत भरून विकलं जात होतं.

एकदा मी चाचांपुढे आजोबांची अत्तरदाणी ठेवली. बाटली केव्हाच रिकामी झालेली, पण बूच काढलं की अजून हिना बोलतो. म्हटलं, "चाचा, असाच द्या." चाचांनी बूच नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, हिना देतो. पण हा नाही मिळणार. याच्या खाली चंदन आहे."

तेव्हा मला उमगलं की 'आमच्या वेळचे वास राहिले नाहीत' ही नुसती म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे, त्यात रसायनशास्त्र आहे. म्हैसूर राज्यात १७९२ पासून चंदन हा राजवृक्ष. तुमच्या अंगणात उगवला तरी मालक सरकार. मग लावणार कोण? चोरटे तोडत राहिले आणि लावणारे हात आखडून बसले. कर्नाटकात हा कायदा बदलायला २००१ साल उजाडलं. तोवर चंदनतेलाची किंमत अशी चढली की पुष्कळ ठिकाणी भपक्यात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. ते बिचारं स्वस्त आहे, निर्गंध आहे, निरुपद्रवी आहे. पण वडीलधाऱ्या माणसाच्या खुर्चीत भाडेकरू बसवल्यासारखं ते वाटतं. फुलं तीच, देग तीच, कारागीर तोच, आणि अत्तर दुसरंच.

फ्रान्समध्ये व्हर्सायला १९९० साली 'ऑस्मोतेक' नावाचं सुगंधांचं संग्रहालय निघालं. तिथे बाजारातून नाहीसे झालेले वास मूळ कृतीवरून पुन्हा बनवून, थंडीत आणि अंधारात जपून ठेवतात. १८८२ सालचं 'फूजेर रॉयाल' तिथे आजही हुंगायला मिळतं. रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवलेलं राजेशाही सुगंधद्रव्यसुद्धा त्यांनी जुळवलं आहे. आपल्याकडे सोळा द्रव्यांची यादी आहे, मराठी टीका आहे, देग-भपका चालवणारे हात आहेत. मराठी टीका समोर ठेवून कोणीतरी एकदा खलबत्ता हातात घ्यायला हवा. सँपल हुंगायला मी केव्हाही तयार आहे. त्यासाठी मानधनही नको.

तोवर आपल्या हातात एवढंच की जे उरलं आहे ते हुंगून घ्यावं आणि घरातल्या पोराबाळांनाही हुंगायला लावावं. जुन्या दरबारात अत्तर-गुलाब आणि पानसुपारी आली की भेट संपली, आता उठा, असा तो सभ्य इशारा असे. हल्ली अत्तरांच्या बाबतीत तीच वेळ येऊन ठेपल्यासारखी वाटते. फक्त यंदा उठून जायचं आहे ते अत्तराने.

मागच्या महिन्यात चाचांनी आतल्या कप्प्यातून, खऱ्या चंदनावर धरलेलं मातीचं अत्तर काढून दिलं. अडीच ग्रॅमची कुपी. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जातो. हिने नेहमीप्रमाणे नाक मुरडून "चिखलाला पैसे मोजले तुम्ही!" म्हटलं आणि विषय संपवला. परवा शालू ठेवण्याच्या कपाटात मी काही शोधत होतो, तर आतून अचानक जूनमधला पहिला पाऊस आला. घडीच्या मधोमध कापसाचा एवढासा बोळा ठेवलेला होता. मी काही बोललो नाही, कपाट हळूच लावून घेतलं. कुपीतलं अत्तर मात्र हल्ली जरा भराभर कमी होतंय.