टायरच्या कारखान्यातून अध्यक्षपदाकडे

तुर्कस्तानातील कायसेरीजवळच्या खेड्यातून हाजी ओमर सबांजी अदानाला आले आणि कापसाच्या शेतात मजुरी करू लागले. सबांजी उद्योगसमूहाचा पाया पुढे त्यांनीच घातला. त्यांची नात गुलेर यांचा जन्म १९५५ सालचा. इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात शिकून १९७८ साली त्या घराण्याच्या टायर कारखान्यात रुजू झाल्या.

२००४ साली काका साकिप यांचे निधन झाले. घरात कर्ते पुरुष असूनही अध्यक्षपद पुतणीकडे आले. घराण्याच्या नावाने दार उघडले हे खरेच. पण त्या खुर्चीमागे सुमारे २६ वर्षांचे काम होते. १९९९ साली सुरू झालेल्या सबांजी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

‘मुस्लिम स्त्री’ म्हटले की एकच ठरावीक चित्र रंगवणाऱ्यांनी हेही वाचावे. आणि लेकीला दुकानाच्या गल्ल्यापासून दूर ठेवणाऱ्या आपल्या घरांनीही.