दुसरा रकाना

पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे. १९८१पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. तिथले बाळशास्त्री जांभेकर ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चे संपादक झाले, तेव्हा जेमतेम विशीत होते. संपादक होते, छापखाना होता. मराठीत वर्तमानपत्र वाचायची सवय मात्र कुणालाच नव्हती. म्हणून पानावर दोन रकाने केले, एक इंग्रजी, एक मराठी. इंग्रजीचा वाचक तयारच होता, मराठीचा घडवायचा होता. मला अप्रूप आहे ते या दुसऱ्या रकान्याचे. व्याकरण, गणित, भूगोल यांची पुस्तके लिहिणारा माणूस इथे दर खेपेला नव्या गोष्टींसाठी मराठी शब्द शोधत बसला असणार. पाक्षिकाचे त्याच वर्षी साप्ताहिक झाले. १८४०मध्ये ‘दर्पण’ थांबले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. ते मराठीत होते.