सोळा बाइटांची नोंद

व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आभासी संगणकापुढे एएमडीच्या ‘लान्स’ या खऱ्या नेटवर्क कार्डाची हुबेहूब नक्कल उभी केलेली असे. ड्रायव्हरला ते कार्ड खरेच वाटे. पण त्याने रजिस्टरला हात लावला, की बऱ्याचदा आतले काम थांबवून प्रोसेसरला बाहेरच्या यजमान संगणकाकडे जावे लागे. या खेपाच महाग पडत. २००१ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी शोधनिबंधात उपाय मांडला : पॅकेटे थोडी साठू द्यायची आणि एकाच खेपेत पाठवायची.

केंब्रिजच्या ‘झेन’ या आभासीकरण-व्यवस्थेने २००३ मध्ये नक्कलच सोडली. पाहुणा, म्हणजे आभासी संगणक, आणि यजमान यांच्यात सामायिक मेमरीतले एक रिंगण ठेवले. त्यात डेटा नसे. तो कुठे आहे हे सांगणारे डिस्क्रिप्टर असत.

पुढे प्रत्येक व्यवस्थेचे रिंगण वेगळे झाले. २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये निदान आठ आभासीकरण-व्यवस्था होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर एकमेकांना परके होते. आयबीएममधल्या रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने या सर्वांसाठी ‘व्हर्टिओ’ ही सामायिक मांडणी सुचवली. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती आली.

तिचा डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा : पत्त्याला ८, लांबीला ४, खुणांना २ आणि साखळीतल्या पुढच्या क्रमांकाला २. शेजारी दोन याद्या. ‘हे बफर तयार आहेत’ ही यादी फक्त ड्रायव्हर लिहितो, ‘हे वापरून झाले’ ही फक्त उपकरण. एकाच्या वहीत दुसरा लिहीत नाही, म्हणून कुलूप लागत नाही. मात्र आधी नोंद पुरी करायची आणि मगच क्रमांक पुढे सरकवायचा, हा क्रम मोडला तर समोरचा अर्धवट नोंद वाचतो.

मग सुरू झाली काटकसर. डिस्कच्या साध्या मागणीलाही शीर्षक, डेटा आणि निकाल असे तीन डिस्क्रिप्टर लागत. विखुरलेल्या मोठ्या मागण्यांनी रिंगण पटकन भरे. तेव्हा एकाच नोंदीतून वेगळ्या तक्त्याकडे बोट दाखवायची सोय झाली. पाठोपाठ ‘अमुक क्रमांकापर्यंत मला उठवू नका’ असे सांगणारा आकडा आला आणि उगाच होणारी दारावरची थाप थांबली.

राहिला प्रोसेसरचा कॅश. एका मागणीसाठी तीन जागा चाळाव्या लागत आणि त्यांच्या कॅश-ओळी एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत. २०१९ च्या व्हर्टिओ १.१ ने दोन्ही याद्या डिस्क्रिप्टरच्याच तक्त्यात सामावल्या. नोंद सोळाच बाइटांची राहिली. ६४ बाइटांच्या कॅश-ओळीत चार मावतात. ‘तयार’ आणि ‘वापरले’ या खुणा त्याच नोंदीत आल्या, आणि रिंगणाची फेरी पुरी झाली की उलटणारा एक बिट जुनी खूण कोणती, नवी कोणती ते सांगू लागला.

या नव्या रूपाला ‘पॅक्ड’ म्हणतात. २००८ चे रूपही चालूच आहे. कोणते वापरायचे ते ड्रायव्हर आणि उपकरण सुरुवातीलाच ठरवतात. ‘स्प्लिट’ हे वेगळे नाव मात्र जुन्या रूपाला धाकटे भावंड आल्यावरच मिळाले.